फणसाला टांगलेलं गाडगं

“नाशिकचा काय रे तू?” चहाचा कप पुढे करत म्हातारीने विचारलं. झुंबर पगारे सुखावला. या एवढ्याशा बेटावर आपलं गाव कुणाला तरी ठाऊक होतं!

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. झुंबर नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. नामपूरच्या एका व्यापाऱ्याचा कांदा शिडाच्या गलबतातून मुंबईहून मंगळूरला निघाला होता. गलबतावर नवं इंजिन बसवलेलं, ते सांभाळायला शेठने झुंबरला चढवलं. जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस! पहिले दोन दिवस तो नुसता ओकत होता. तिसऱ्या दिवशी इंजिनानेही मान टाकली, तेव्हा गलबताच्या तांडेलाने शिडावरच या बेटाचं चिमुकलं बंदर गाठलं. दुपारी इंजिन सुरू झालं, पण भरती संध्याकाळची होती.

“जा, गाव बघून ये,” तांडेल म्हणाला. “बसून राहिलास तर परत ओकशील.”

गाव ते केवढं! एक धक्का, जांभ्या दगडाच्या दोन गल्ल्या, सुकत घातलेले बोंबील आणि टोकाला दीपगृह. एका दुकानात लाल कांद्याची रास दिसली, तर झुंबरने एक उचलून वास घेतला. आपल्याकडचाच! परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं त्याला झालं. पुढे या म्हातारीचं, गोजराबाईचं, चहाचं दुकान लागलं.

“मग रामकुंड जवळच तुला?”

“सायकलवर वीस मिनटं,” झुंबर सहज बोलून गेला.

म्हातारीने त्याला परसात नेलं. फणसाच्या फांदीला फडक्यात बांधलेलं गाडगं लोंबकळत होतं. अस्थी घरात ठेवत नाहीत ना!

“आमचा म्हातारा. दोन वर्षं झाली. गोदावरीत सोड म्हणून सांगून गेला. पोटी पोर नाही, माझ्याने एवढ्या लांब जाववत नाही. नेशील?”

झुंबरचे वडील, आबा, तीस सालच्या सत्याग्रहात होते. काळारामाच्या दाराशी त्यांनी दगड झेलला होता, कपाळावरची खूण मरेपर्यंत होती. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर ते झुंबरला म्हणाले होते, “त्या कुंडाच्या पाण्यात पाय घालू नको. आपल्याला आता त्याची गरज नाय.” हे सगळं म्हातारीला तिथेच सांगायला हवं होतं. पण ती पदराने गाडगं पुसायला लागली होती, आणि झुंबरने हात पुढे केले.

नाशिकला आल्यावर गाडगं चार दिवस अंगणातल्या लिंबाला टांगलेलं राहिलं. अखेर त्याची बायको लंकाबाईच म्हणाली, “शब्द दिलाय नं? मंग सोडून या. मेलेल्या मानसाशी कसलं भांडण?”

झुंबर पहाटे रामकुंडावर गेला. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून, वाकून, पावलांना पाण्याचा थेंबही लागू न देता त्याने अस्थी सोडल्या. आबांचा शब्द राखला आणि म्हातारीला दिलेलाही. तरी मनाला चैन पडेना. त्याने कार्ड लिहिलं: ‘काम केले. भटजी बोलावला नाही, मंत्र म्हटले नाहीत. आम्ही बौद्ध आहोत, पूर्वीचे महार. तेव्हा सांगितले नाही, चुकलो. राग मानू नये.’

उत्तर आलं नाही. महिना गेला, वर्षं गेली. इंजिन उघडताना डिझेलच्या वासासरशी झुंबरला ते बेट आठवायचं, तो फणस आठवायचा, आणि आपण म्हातारीला बाटवलं असं तिला वाटलं असेल, या विचाराने जीव कासावीस व्हायचा.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात गॅरेजच्या दारात एक खलाशी उभा राहिला. मुंबईहून एसटीने आला होता. हातात झुंबरचं ते जुनं कार्ड, घड्यांवर फाटलेलं, आणि फडक्यात बांधलेलं गाडगं.

“गोजराआजी गेली. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका म्हणाली. कार्ड उशाशी असायचं तिच्या. अक्षरं लावून वाचायची, पण लिहिता येत नव्हतं, अन् दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नव्हतं तिला.”

झुंबर ढसाढसा रडला. गॅरेजातली माणसं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो रामकुंडावर गेला. कोरड्या पायरीवर क्षणभर थांबून “आबा, येवढ्या डाव जाऊ द्या,” म्हणाला. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, गाडगं छातीशी धरलं आणि तो थंड पाण्यात उतरला.