अमेरिकेचं जागरण, दुपारी तीन वाजता

"विनी, आई होशील का?" फिंटन मॅलोयने दारात उभं राहून विचारलं, तेव्हा मी सोडा ब्रेडचं पीठ कालवत होते.

"साठी उलटली माझी," मी म्हटलं, "नवरा जाऊनही जमाना झाला. आता कसली आई होतेय मी?"

तो हसला. हसला की मेला फार चांगला दिसतो, तिथेच सगळे फसतात. "नाटकातली गं! या वर्षीच्या उत्सवात आपण अमेरिकेचं जागरण करतोय. तू आई, तुझा कहल जाणारा मुलगा. खरी मायलेकरं. बघणाऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागतील बघ."

मी हातातला चमचा खाली ठेवला. नाहीतर फेकूनच मारला असता.

कारण माझा कहल खरोखरच निघाला होता. अमेरिकेला नाही, ऑस्ट्रेलियाला. बायको ओर्ला आणि तीन वर्षांची साइव्ह, दोघींना घेऊन. उत्सव रविवारी संपणार आणि यांचं विमान मंगळवारी. का निघाला होता? तर ज्या घरात तो भाड्याने राहत होता ते घर या हसऱ्या फिंटनचं, आणि फिंटनने ते मे महिन्यात सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी रिकामं करून घेतलं. तेव्हापासून ही तिघं ओर्लाच्या भावाच्या अंगणात कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या डब्यात. माझी तर म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या चाळवजा घरांतली एक खोली, तिथे रात्रीचा पाहुणा ठेवायलाही बंदी. दुसरं घर शोधायचं म्हटलं तर आमच्या अख्ख्या रॉसकार गावात भाड्याने मिळत नाही. ज्याच्याकडे दुसरं घर आहे तो ते पाहुण्यांना देतो. गंमत बघा, त्या घरांतली निम्मी स्वयंपाकघरं कहलनेच बनवलेली. सुतार आहे ना तो. आमचे पूर्वज अमेरिकेला गेले ते पोटाला नव्हतं म्हणून. माझ्या पोराच्या पोटाला होतं, डोक्यावर छप्पर तेवढं नव्हतं.

"आणि घराचं काय, फिंटन?" मी विचारलं. "उन्हाळा संपला की ते कुलूपबंदच असणार. हिवाळ्यापुरतं दे त्यांना. पुढचं पुढे बघू. तिकिटं परत करता येतात, मी चौकशी केलीय."

"उत्सव पार पडू दे, मग बसून बोलू," तो म्हणाला. "मी काय दगड आहे का, विनी?"

झालं. मी आई व्हायला तयार झाले. त्याने गाढव व्हायला सांगितलं असतं तरी झाले असते.

कहलला हे सांगितलं तर तो कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून हसायलाच लागला. "आई, तो देणार नाही गं."

"बसून बोलू म्हणालाय."

"बसेल. बोलेल. देणार नाही."

"तू गप्प बस आणि ती टोपी घालून बघ," मी ओरडले. "एक दिवस नाटक केलंस तर झिजणार नाहीस."

तो घालून आला. जुनं जाकीट, सपाट टोपी, हातात दोरीने बांधलेली पेटी. माझ्या आजोबांचा भाऊ फोटोत असाच उभा आहे. मी बाही ओढून बघितली आणि म्हटलं, "बाही आखूड होतेय."

पूर्वी आमच्याकडे आयर्लंडमध्ये पोरगं अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री त्याचं जागरण करायचे, घरात मढं असताना करतात तसंच. परत येणार नाही हे सगळ्यांना ठाऊकच असायचं. बशीत तपकीर, मातीच्या चिलमी, नाच, गाणी, रडणं, सगळं. उजाडलं की आई त्याच्यासमोर विलाप करायची आणि मग अख्खा गाव त्याला पुलापर्यंत चालत सोडायला जायचा. पुलापलीकडे मात्र एकट्याने जायचं. आमचं जागरण दुपारी तीनला होतं, कारण पाहुण्यांच्या बसगाड्या पाचला निघतात.

रविवारी हॉल खचाखच भरला. दारात पीटचा, म्हणजे चुलीत जाळायच्या दलदलीतल्या वाळल्या मातीच्या विटांचा ढीग रचलेला, तोही दुकानातून पिशव्यांतून आणलेला, कारण आमच्यात आता पीट कापतो कोण? आधी मुलींचा नाच झाला, डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप घालून. टाचा छान वाजवत होत्या पोरी, उगाच नावं कशाला ठेवू? मग आमचं नाटक लागलं. बासरी, फिडल, नाटकात शेजारी झालेली मंडळी चिलमी तोंडात धरून खोकतायत. किराणा दुकानवाली कॉन्सेप्टा माझी बहीण झाली होती. साइव्ह पहिल्या रांगेतून ओरडली, "बाबा, पेटीत काय आहे?" सगळे हसले. पेटी रिकामीच होती.

विलापाच्या आधी फिंटनने मध्यंतर ठेवलं होतं. लकी ड्रॉ. तो स्टेजवर चढला, हिरवा कोट घालून.

"पहिलं बक्षीस!" त्याने फडक्याखालचा मोठा फोटो उघडला. "अस्सल आयरिश घरात एक आठवडा राहायचं! आणि मंडळी, आनंदाची बातमी. हे घर आता हिवाळाभरही चालू राहणार आहे. ऑक्टोबर ते एप्रिल, कधीही या!"

निळं दार होतं फोटोत. ते कहलने रंगवलं होतं, साइव्ह जन्मली त्या आठवड्यात.

मी पडद्याच्या कडेला उभी होते. बसून बोलू म्हणाला होता ना? हे त्याचं बोलणं. मी कहलकडे पाहिलं. त्याने टोपी नीट केली आणि हळूच म्हणाला, "चल आई, आपला प्रवेश आला."

"घरी जाऊ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"कुठल्या घरी?" तो म्हणाला.

गेले स्टेजवर. शाळेच्या मास्तरणीने मला विलापाचे शब्द लिहून दिले होते, लाटा, समुद्र, हिरवी बेटं वगैरे. त्यातला एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. मी पोराचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जे आलं ते आलं.

"कहल, माझ्या राजा," मी रडले, "दार तू रंगवलंस आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! तुझ्या लेकीच्या पाळण्याच्या जागी परके झोपणार! मी म्हातारी कुणाकडे बघू? आणि ज्याने तुला घराबाहेर काढलं तो हा इथेच बसलाय, पहिल्या रांगेत, कोट घालून, हसतोय! बघा त्याच्याकडे! तळपट होवो त्याचं!"

बोट दाखवलं मी. सरळ त्याच्याकडे.

मग बसने आलेल्या पाहुण्यांतलं कुणीतरी ओरडलं, "जमीनदार! हाय हाय!" आणि सगळ्यांनीच हुर्यो उडवली. त्यांना वाटलं, नाटकातला कुळांना हाकलणारा जुना जमीनदार. फिंटनने काय करावं? उठला, मिशीला पीळ दिल्यासारखं केलं, वाकून नमस्कार केला. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. आमच्या गावच्यांना कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच ते आपापल्या बुटांकडे बघत होते. आणि मग, टाळ्या थांबेनात म्हटल्यावर, तेही वाजवायला लागले.

मग मिरवणूक. पुढे वादक, मागे कहल, त्याच्या गळ्यात पडून रडणारी कॉन्सेप्टा, मागे सगळा गाव, पाहुणे, फोटो. पुलापर्यंत गेलो. कहल एकटा पलीकडे गेला, वळून टोपी हलवली. लोक खरंच रडले. मग तो परत आला, कारण पेटी आणि कपडे उत्सव समितीचे होते.

फिंटनने मला गाठलं. "विनी, काय केलंस गं! एखादी नटी झक मारेल तुझ्यापुढे."

"मी नाटक करत नव्हते, फिंटन."

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचं हसू जरा उतरलं. "पण माझीही कर्जं आहेत गं. हप्ते आहेत. पुढच्या वर्षी पण तूच हवीस हं." आणि बसवाल्यांना निरोप द्यायला निघून गेला.

मंगळवारी सकाळी ओर्लाच्या भावाने गाडी काढली. मी आधीच पुलावर जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं, चार माणसं तरी येतील. आम्ही कुणाच्या दारात गेलो नाही असं नाही. प्रत्येकाच्या मढ्याला खांदा दिलाय माझ्या नवऱ्याने, प्रत्येकाचं कपाट बसवलंय माझ्या पोराने. पाऊस भुरभुरत होता. एक कुत्रं होतं.

गाडी थांबली. कहल उतरला, मागे गावाच्या रस्त्याकडे बघत राहिला. मान वाकडी करून, लहानपणी बघायचा तसा.

"झोपले असतील," मी म्हटलं.

"हो. दमलेत सगळे," तो म्हणाला.

साइव्ह काचेला नाक लावून विचारत होती, आजी का नाही बसत गाडीत? ओर्लाने तोंड फिरवलं. कहलने मला धरलं आणि सोडेचना. मला रडायचं होतं, पण रडू येईना. काय होतं नव्हतं ते रविवारीच हॉलमध्ये सांडून आले होते, आणि त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पोराला वाटलं असेल, आई किती कोरडी.

गाडी गेल्यावर मी कॉन्सेप्टाच्या दुकानात शिरले. ती ब्रेड लावत होती.

"गेला," मी म्हटलं. "पुलावर कुणी कुत्रं आलं नाही, कॉन्सेप्टा. कुत्रं आलं होतं, माणूस आलं नाही."

ती गोंधळली. खरोखरच गोंधळली, त्याचंच मला जास्त लागलं.

"अगं, असं काय करतेस?" ती म्हणाली. "रविवारीच सोडला ना आपण त्याला? किती रडले मी!"