नवऱ्याची नवरी

ऐका गं पोरींनो! यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर माझी जीभ गळून द्रावा नदीत पडो आणि माशांनी खावी!

तुमचा आजा बोनियो खेचरं हाकायचा. अंगानं असा, की खेचर दमलं तर हाच त्याला पाठीवर घ्यायचा. तो मिथ्र देवाच्या गुहेत जायला लागला. तिथे बायांना मज्जाव. आतलं काही बायकोलाही सांगायचं नाही, अशी शपथ. आधी त्याला तिथे कावळा केलं, ती पहिली पायरी. मग काय, घरीही झोपेत काव काव! छपरावर गावातले सगळे कावळे जमायचे. तेही मी चालवून घेतलं.

पण एके सकाळी पेटी उघडते तर माझ्या लग्नाची केशरी ओढणी गायब! आणि हा तेल चोपडून निघालेला.

"अहो, माझी ओढणी?"

"नवरीला लागते," म्हणाला आणि जीभ चावली. पळालाच.

नवरीला! इतकी वर्षं याचं पोट सांभाळलं आणि हा दुसरी करतोय, तीही माझ्या ओढणीत? मुसळ उचललं आणि गेले मागोमाग.

गुहेच्या दारात फिर्मिदियस. जकातीवरचा बडा माणूस. गुहा त्यानंच बांधून दिलेली, म्हणून सगळे त्याला 'बाबा' म्हणायचे.

"बाई, इथून पुढे नाही."

"माझी सवत बाहेर काढा, मग जाते!"

"सवत?" तो मुसळाकडे बघत राहिला. "बोनियो! ये रे, तूच निस्तर!"

आणि बाहेर आली नवरी. दाढीवाली! डोक्यावर माझी ओढणी, खेचरावरच्या पोत्याला मारतात तशी गाठ मारलेली.

"बढती आहे गं," हा कुजबुजला. "कावळ्यानंतर देवाची नवरी व्हायचं असतं. हसू नकोस. तू हसलीस तर मी आत जाणार नाही."

हसू असं दाटलं होतं, की दात दुखले. पण त्याचे डोळे बघितले आणि गिळलं.

"खाली वाका," म्हटलं. अंबाड्यातली हाडाची पिन काढली, ओढणी कपाळापर्यंत नीट ओढून टोचली. फिर्मिदियसनं तेवढ्यापुरती पाठ फिरवली.

"कशी दिसते?"

"नांदायला धाडण्याजोगी. जा आता. पण जेवायला नवरा होऊन या."

तर असा लाजला, असा लाजला, की ओढणी फिकी पडली!

...बरं बाई, लाजला नाही. ढेकर दिला. लाजणं मी पदरचं घातलं.