दोरीचं दुसरं टोक

मेंदूच्या झटक्यानंतर कोंडिराम ताटातलं फक्त उजवीकडचं जेवायचे. “मुद्दाम करतात,” म्हणत सुनेनं, निशानं, त्यांना गावी धाडायला बॅग भरली होती.

वीस वर्षं मेंदूविकारांवर संशोधन करणाऱ्या आणि कोंडिरामांना तपासायला येणाऱ्या रसिकाला ठाऊक होतं, त्यांना डावी बाजू जाणवतच नाही. पण तिच्या साऱ्या युक्त्या फुकट गेल्या होत्या. आज पूनम सागर सोसायटीतल्या त्यांच्या घरात तिला कोंडिरामांची गवंडीकामाची जुनी थापी आणि तिला गुंडाळलेली दोरी दिसली. तिनं ती दोरी ताटावरून आडवी ताणली.

“बाबा, दोरी सरळ आहे का?”

“दोन्ही टोकं बघितल्याशिवाय गवंडी सांगत नसतो, बाई.” त्यांचं बोट दोरीवरून सरकत डाव्या कडेला पोचलं. “निशा, भाजी लपवतेस होय गं?”

निशानं हसत आणखी भाजी वाढली, आणि बॅग माळ्यावर टाकली.