समोरच्या खुर्चीकडे बघून

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा तो स्वयंपाकघरात बटाटा कुस्करत होता. त्याची बायको मुलीच्या खाण्या-बोलण्यासाठीच्या थेरपिस्ट बाईंकडून परत येताना रस्त्यातच अपघातात गेली होती. फोनवरच्या माणसाने पुन्हा सांगितलं, तरी त्याचा हात वाटीत फिरतच राहिला. उंच खुर्चीत बसलेली मुंगी दाराकडे बघत होती. तिची जेवायची वेळ झाली होती आणि भरवणारी आली नव्हती.

मुंगी म्हणजे त्यांची दोन वर्षांची मुलगी. अंगाने एवढीशी, म्हणून आत्याने गमतीत मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. वर्षाची असताना घशात घास अडकून ती निळी पडली होती. तेव्हापासून चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायची. बोलणंही तिथेच अडलं. थेरपिस्ट बाईंकडे जाऊन बायको एकेक गोष्ट शिकून यायची आणि घरी मुंगीला शिकवायची. पद्धत अशी, की मुंगीच्या समोर बसायचं, आधी आपण घास घ्यायचा, मोठं तोंड करून चावायचं आणि मग तिच्यापुढे चमचा धरून गप्प थांबायचं. कोंबायचं नाही, विनवण्या करायच्या नाहीत. तिने तोंड उघडलं तरच चमचा आत. शब्दाचंही तसंच. आपण एक म्हणायचा आणि तिची पाळी येऊ द्यायची.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बिघाड दिसला की हात घालायचा, एवढंच त्याला ठाऊक. भेटायला माणसं यायची थांबली तसा तो बायकोच्या खुर्चीत बसून मुंगीला भरवू लागला, आणि मुंगीने खाणंच टाकलं. ती मान तिरकी करायची आणि त्याच्या आडून मागे बघायची. मध्येच कोणी येऊन उभं राहिलं की आपण बघतो तशी. तिचं वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी वजन करू. आणखी घटलेलं निघालं तर नाकातून नळी घालावी लागेल.

"तू भरवतोयस की पहारा देतोयस?" ताई म्हणाली. ही त्याची थोरली बहीण, मुंगीची आत्या, मदतीला येऊन राहिलेली. "तुझा हा अवतार बघून मलासुद्धा घास गिळवत नाही. ऊठ तिथून, आधी दाढी कर."

तो उठला आणि बाजूच्या स्टुलावर टेकला. समोरची खुर्ची रिकामी झाली, तशी मुंगीची मान सरळ झाली. ती समोर बघत राहिली आणि जरा वेळाने तिचं तोंड आपणहून उघडलं. त्याने बाजूनेच चमचा आत सरकवला. तिने चावलं, गिळलं, पुन्हा समोर बघितलं.

वाटी संपत आल्यावर ती खुर्चीला म्हणाली, "अजून." मग थांबली. कोणाचं तरी बोलणं पुरं व्हावं इतका वेळ थांबली, हसली आणि म्हणाली, "शंपलं."

ताईच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "कोणाशी बोलली रे ही?"

"खुर्चीशी."

"बरं झालं. या घरात कोणीतरी बोलतंय," ताई म्हणाली खरी, पण त्यानंतर ती त्या खुर्चीच्या जवळून जाताना अंग चोरून जायची. वाळलेले कपडेही त्यावर टाकेनाशी झाली.

गुरुवारी दुपारी थेरपिस्ट बाई घरी आल्या. मुंगी जेवत होती. बाई जमिनीवर बसल्या आणि मुंगीच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मुंगीची नजर टेबलावरून वर जायची, माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर थांबायची आणि मग तिचं तोंड उघडायचं. दर घासाला तेच.

बाईंनी पिशवीतून पावाची बारीक पट्टी काढून ताटलीत ठेवली. मुंगीने असलं काही कधी खाल्लं नव्हतं. तिने पट्टी उचलली आणि समोर बघितलं. मग बोटाने स्वतःच्या गालावर हलकेच टकटक केलं, पट्टी तिथल्याच दाढेखाली ठेवली आणि चावली.

बाईंचा चेहरा उतरला. "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही. मला कुठे येतंय?"

"ताई, तुम्ही?"

"मी तर हिच्या गालाला हात लावला तरी ही भोकाड पसरते," ताई म्हणाली.

बाईंनी पिशवी मिटून बाजूला ठेवली. मग खाली बघत म्हणाल्या, "आधी गालावर टकटक करायची आणि मग तिथे घास ठेवायचा. हे मी तिच्या आईला दाखवलं होतं. त्या शेवटच्या दिवशी. त्या माझ्याकडून निघाल्या त्या..."

त्या दिवशी मुंगीची आई घरी पोचलीच नव्हती. मुंगी चावत होती. तेवढाच आवाज होता.

जाताना बाईंनी त्याला दाराबाहेर बोलावलं. "नळी टळेल बहुतेक. पण भाऊ, हे असंच चालू ठेवू नका. तिने तुमच्याकडे बघून खायला हवं, तुमच्याकडून शब्द घ्यायला हवेत. नाहीतर तिला तुमची गरजच वाटणार नाही."

शुक्रवारी वजन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी नळीचा विषय सोडला.

त्या दिवशी घरी आल्यावर त्याने स्टूल उचललं आणि रिकाम्या खुर्चीला अगदी लागून ठेवलं. बसताना खुर्चीकडच्या डाव्या हाताला गार लागलं. ताई दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"सगळं तूच शिकवणार का?" तो खुर्चीकडे न बघता हळूच म्हणाला. "जरा मलाही बसू दे."

मग त्याने घास घेतला, मोठं तोंड करून चावला, चमचा धरला आणि थांबला. मुंगीने त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. तिला कोणीतरी काहीतरी सांगत असावं तशी तिने मान हलवली. पण तोंड उघडलं ते खुर्चीकडे बघूनच.

आता तो रोज तिथेच बसतो, आधी आपण चावतो आणि थांबतो. मुंगी पाव खाते, केळं खाते, आठवड्याला नवा शब्द म्हणते. त्याच्याकडे बघून तिने अजून एकही घास घेतलेला नाही, आणि त्याला अजून बाबा म्हटलेलं नाही.