बाविसावा माणूस

फोन मी उचलला. उचलायला नको होता.

मंगळवारी सकाळी अकरा-वीसला. लालबागच्या आमच्या चाळीत बिल्डरची माणसं सर्व्हेला आली होती. ज्याच्या नावावर खोली, त्याचा अंगठा मशीनवर घ्यायचा. माणूस हजर नसला की 'खोली बंद' असं लिहायचं, मग नव्या इमारतीतली जागा लटकली म्हणून समजा. माझा अंगठा नुकताच झाला होता. माझी बायको प्राची त्या लोकांना चहा देत होती. तिचा मोबाईल वाजला, तिच्या हातात ट्रे, म्हणून मी घेतला.

"धनेश बागव्यांचं घर का?" एक बाई फार जपून बोलत होती. "आपण त्यांचे कोण?"

"मीच धनेश."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "तुम्ही... आज बोटीवर गेला नव्हतात?"

मला वाटलं, पास पकडला.

पासाचं असं आहे. समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर कामाला जायला पास लागतो, आणि पाण्यात पडल्यावर जीव कसा वाचवायचा त्याचं ट्रेनिंग केल्याशिवाय पास मिळत नाही. माझं ट्रेनिंग झालेलं. माझा मावसभाऊ रघु कॉटन ग्रीनला राहतो. गोदामातलं काम सुटलेलं, ट्रेनिंग नाही. मला सर्व्हेसाठी घरी थांबायचं होतं, ठेकेदार सुट्टी देईना. मग माझ्या पासावर रघु गेला. आमच्या ठेकेदाराकडे हे सर्रास चालायचं, सुपरवायझर शंतनुच जुळवून द्यायचा. दाढी आम्हा दोघांना आहे. हेल्मेट घातलं की गेटवरचा माणूस तोंड बघत नाही, डोकी मोजतो.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "ताप आला. घरीच आहे मी."

बाई रडायलाच लागली. "थँक गॉड हो! सकाळी बोट उलटली. लिस्टमध्ये बावीस जण, एकवीस काढले, तुम्हीच मिळत नव्हतात. हेलिकॉप्टर अजून तुम्हालाच शोधतंय. थांबा, आधी त्यांना कळवते."

फोन बंद.

मी तसाच उभा. सर्व्हेवाला म्हणाला, "शेठ, इथे एक सही राहिली." मी सही केली. खरंच केली. भाऊ पाण्यात आणि मी 'बागवे' लिहितोय, मात्रेसकट.

मग त्या नंबरवर लावला, एंगेज. परत लावला, एंगेज. शंतनुला लावला.

"रघु सापडत नाहीये! आणि मी त्यांना सांगून बसलो की मी घरी आहे!"

"माहितीय," शंतनु म्हणाला. "झ्याक केलंस. लिस्ट जुळली."

"जुळली? अरे, तो पाण्यात आहे!"

"ओरडू नकोस. आता तोंड उघडलंस तर तू आत, मी आत, ठेका बोंबलला. लाईफ जॅकेट आहे ना त्याच्या अंगात? मच्छीमारांच्या बोटी असतात रे तिकडे. कोणीतरी उचलेल."

"त्याला पोहता येत नाही, शंतन्या."

"मग पाठवलास कशाला?"

त्याने फोन कापला. आणि मी खाली बसलो. तुम्हाला वाटेल मी धावत सुटलो. नाही. पंधरा-वीस मिनिटं मी कॉटवर बसून विचार करत होतो की आपल्याला किती वर्षं पडतील. प्राचीने माझ्या समोरचा चहा उचलला. "काय झालं? तोंड असं का?"

सांगितलं. तिने कप मोरीत आदळला.

"मग बसलायस काय मेल्या? ऊठ! मी मावशींना घेऊन येते. त्याचं आधार कार्ड लागेल."

विहिरी ज्या कंपनीच्या, तिचं ऑफिस डॉकच्या बाजूला. गेटवर पास मागितला. पास रघुच्या गळ्यात. अर्धा तास त्या वॉचमनशी भांडलो. शेवटी आत सोडलं ते लॉबीपर्यंत. तिथे भिंतभर नकाशा. मुंबईपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर आत, समुद्राच्या तळाखाली कुठे तेल, कुठे गॅस, सगळं रंगवलेलं. प्रत्येक विहिरीला नंबर. खाली किती साठा उरलाय त्याचा आकडा दशांश चिन्हासकट. जमिनीखाली मैलभर काय आहे ते या लोकांना दिसतं. वर बोटीत कोण बसलाय ते दिसत नाही.

फोनवरची बाई खाली आली. गळ्यातल्या कार्डावर अक्षता. आवाजावरून ओळखलं.

"तुम्ही धनेश ना? कशाला आलात तापात?"

"मला ताप नाही. मी खोटं बोललो. माझ्या पासावर माझा भाऊ गेलाय."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"पण हेलिकॉप्टर," ती म्हणाली, "मी साडेअकरालाच परत बोलवायला सांगितलं."

ती मला वर साहेबाकडे घेऊन गेली. साहेब वाईट नव्हता, तेच जास्त वाईट. शांतपणे म्हणाला, "लिस्ट बावीसची आहे. एकवीस आणि एक तुम्ही. हिशोब संपला. तेविसाव्या माणसासाठी मी हेलिकॉप्टर कुठल्या आधारावर उडवू? लेखी द्या."

"आधी उडवा, मग काय ते लिहून घ्या! बेड्या घाला! पण उडवा!"

"वाऱ्याची स्थिती बघताय ना? वैमानिकांचाही जीव आहे. नाव काय म्हणालात त्याचं?"

दार ढकलून गंगुबाई आत आली. रघुची आई, माझी मावशी. मागे प्राची. मावशीने रघुचं आधार कार्ड टेबलावर ठेवलं, आणि त्यावर पंजा दाबून धरला.

"ह्यो माझो झील," ती म्हणाली. "रघुनाथ. आता आणा."

साहेबाने कार्डाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि फोन उचलला. घड्याळात दोनला पाच कमी होते.

आम्ही तिथेच बसलो. माझं लेखी घेतलं, पोलीस आले, मी सगळं सांगितलं, शंतनुसकट. कुणी मला हात लावला नाही, कुणी पाणीही विचारलं नाही. मावशी जपमाळेसारखी साडीच्या पदराची गाठ फिरवत होती.

चार-दहाला फोन आला. अक्षताने घेतला. ऐकता ऐकता तिने टेबलाची कड धरली.

सापडला. जॅकेटमध्ये होता. गेलेला.

"जहाजावरचे डॉक्टर म्हणतायत..." ती थांबली.

"बोला," मी म्हणालो.

"जीव जाऊन दोन-अडीच तासांच्या वर झाले नसतील म्हणतायत."

प्राचीने तोंडावर हात दाबला. चारातून अडीच गेले. मी "ताप आला, घरीच आहे" म्हटलं तेव्हा तो जिवंत होता. मी कॉटवर बसून वर्षं मोजत होतो तेव्हा जिवंत होता. वॉचमन पास मागत होता तेव्हाही. वर फिरणारं हेलिकॉप्टर त्याने पाहिलं असेल. ते परत जातानाही पाहिलं असेल.

मावशी रडली नाही. माझ्याकडे वळली.

"धन्या, तू फोनार काय सांगितलंस?"

"मावशी, नको."

"माका सगळा आयकाचा आसा. तुझ्या तोंडान."

प्राची म्हणाली, "मावशी, आता नको ना..."

"तू गप ऱ्हव."

मग मी सांगितलं. तिच्या पायाशी बसून, पोलिसांसमोर, एक शब्द न गाळता. ताप आला हेही. ती सही केली हेही.