चेंबरच्या तोंडाशी

नोकरीतून सुटल्यावर कृष्णकांतांनी दोन हट्ट धरले. घर स्वतः उन्हात उभं राहून बांधायचं, आणि त्यात एसी लावायचा नाही.

पहिला हट्ट त्यांच्या बायकोला, ताराला, समजत होता. सक्करदऱ्याच्या भाड्याच्या खोल्यांत सगळा संसार झाला होता. मे महिन्यात कूलरपुढं खाट ओढायची आणि डिसेंबरात त्याच खोलीत रजईखाली कुडकुडायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. आता उमरेड रोडच्या पुढं प्लॉट होता आणि माणसाला वेळही होता. पण दुसरा हट्ट तिला जरा विचित्रच वाटला. कृष्णकांतांनी कुठंतरी वाचलं होतं की जमीन खोलवर ना तापते, ना गारठते. तिच्या पोटात लांब पाइप पुरायचे आणि त्यातून हवा ओढून खोल्यांत सोडायची. उन्हाळ्यात ती गार येते, थंडीत कोमट. त्यांनी एसीवाल्यांना विचारलं, ठेकेदारांना विचारलं. सगळे ऐकून घेत आणि शेवटी मोठा एसी लावायचा सल्ला देत. मग त्यांनी घर बांधणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, की हे काम मला स्वतः करायचं आहे, कुणी केलं असेल तर मदतीला या.

आले ते खाप्याचे भैय्याजी. संत्र्याचे बागाईतदार, अंगानं आडवे आणि बोलायला मोकळे. त्यांनी आपल्या बागेतली संत्री ठेवायची खोली अशाच पाइपांनी गार केली होती. मोटरसायकलवरून उतरून त्यांनी प्लॉटला एक चक्कर मारली, ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं, आणि ताराला म्हणाले, "वैनी, येत्या उन्हाळ्यात तुमी सोटर घालून बसान, पाहा."

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. ऑफिसात कृष्णकांतांना मित्र असा कुणी नव्हता. डबासुद्धा ते एकटेच खायचे. आता मात्र चर खणताना, पाइप जोडताना दोघंही गुडघाभर मातीत बसून हसत असत. जेवायला हाक मारली तर दोघंही ऐकत नसत. तारा भाकरी झाकून ठेवायची आणि मनातून सुखावायची. या वयात आपल्या नवऱ्याला जोडीदार मिळाला, घर अर्धं राहिलं तरी चालेल, असं तिनं एकदा फोनवर मुलाला, अपूर्वला, सांगितलंही होतं.

पावसाळ्याआधी पाइप पुरून झाले. मातीखाली गार झालेल्या हवेतून पाणी सुटतं, ते साचायला त्यांनी घराच्या बाजूला, पाइपाला जोडून, एक चेंबर बांधलं होतं. दीड पुरुष खोल, आत उतरायला लोखंडी पायऱ्या, वर जड झाकण. हवा आत घेणाऱ्या पाइपाच्या तोंडाला पावसापुरतं पोतं बांधून टाकलं, झाकण बसवलं, आणि काम तिथंच थांबलं.

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला तसे भैय्याजी पुन्हा आले. त्या दिवशी पाइपांतून हवा ओढणारा ब्लोअर पहिल्यांदा चालवून पाहायचा होता. त्याची जोडणी आदल्या दिवशीच झाली होती. तारा नव्या स्वयंपाकघरात चहा टाकत होती. खिडकीतून तिला दिसलं, दोघांनी पहारीनं झाकण सरकवलं. तळाशी पाणी साचलं होतं, पाचोळा कुजला होता. कृष्णकांत म्हणत होते की पंप लावून उपसू. भैय्याजींनी हात झटकला. पंपाच्या नळीत पाला अडकंल, मी घमेल्यानं काढतो, म्हणाले, आणि उतरले.

तारानं गाळणी घेतली. बाहेर काहीतरी धप्पकन पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग कृष्णकांतांच्या हाका. भैय्याजी, अहो भैय्याजी.

ती धावत बाहेर आली. वरून वाकून पाहिलं तर भैय्याजी तळाशी भिंतीला टेकून पडलेले, मान कलंडलेली, तोंड पाण्याच्या जरा वर. पाय घसरून पडले म्हणावं तर तसंही दिसत नव्हतं. माणूस उभ्या उभ्या विझला होता. आणि कृष्णकांत चेंबरकडे पाठ करून पहिल्या पायरीवर पाय ठेवत होते.

ताराचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते. वर्तमानपत्रात गटारात गुदमरलेल्यांची बातमी आली की ते घरात सगळ्यांना बसवून सांगायचे, की बंद खड्ड्यात विषारी वायू साचतो, आत पडलेल्याच्या मागं कधी उतरू नका, पहिला वाचत नाही आणि दुसरा मरतो. तिला ते आठवलं असंही नाही. तिचे हात आधी गेले. तिनं नवऱ्याला काखेतून धरून मागं खेचलं. दोघंही गिट्टीवर पडले.

"सोड, तारा. तो मरून राहिला आत."

"मरू दे," तारा म्हणाली. "तुम्ही जाणार नाही."

आपल्याच तोंडातून हे निघालं यावर तिचा विश्वास बसेना. आवाज तिचाच होता, पण स्वैपाकात मीठ विचारावं तसा शांत. कृष्णकांतांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ते पुन्हा चेंबरकडे सरकले आणि तिनं त्यांच्या थोबाडीत मारली.

मग तिला पुढचं सुचलं. ब्लोअर घराच्या बाजूनं हवा ओढणार होता. पाइपाचं बाहेरचं तोंड पोत्यानं बंद होतं. म्हणजे तो हवा ओढेल ती या उघड्या चेंबरातूनच, आणि वरून ताजी हवा खाली उतरेल. तिनं नवऱ्याला सांगितलं की आत जा, ब्लोअर चालू करा, खिडक्या उघडा, आणि आत थांबू नका. काम मिळाल्यावर माणूस हलतो. कृष्णकांत उठून पळाले.

घरातून घरघर ऐकू आली. चेंबरच्या काठावर पडलेला एक वाळकं पान आत खेचलं गेलं. तारा तिथंच गुडघ्यावर बसली, डोकं मागं घेऊन भैय्याजींना हाका मारत राहिली. पलीकडच्या प्लॉटवरचे मनोहरराव आवाजानं धावत आले होते. त्यांनी अग्निशमनला फोन लावला. कृष्णकांत बाहेर आले ते खोकत. घरभर कुजकी घाण सुटली होती. ते पुन्हा उतरायला निघाले तेव्हा ती त्यांच्या आणि चेंबरच्या मध्ये उभी राहिली. त्यांनी तिचा दंड धरला, तिनं त्यांची कॉलर. मनोहरराव हे पाहून बाजूला झाले.

खालून कण्हल्यासारखा आवाज आला तेव्हा तारानं वाकून पुन्हा हाक मारली.

गाडी आली. तोंडाला मास्क लावलेला जवान दोरीनं उतरला आणि भैय्याजींना वर काढलं. चेहरा काळानिळा, कपाळावर खोक, पण छाती हलत होती.

दवाखान्यात ते बरेच दिवस होते. पहिल्या दिवशी डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. खाप्याहून रंभाबाई आल्या, भैय्याजींच्या पत्नी. तारा त्यांच्यासमोर जायला घाबरत होती. पण रंभाबाईंनीच तिला शोधलं, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या की मनोहररावांनी सगळं सांगितलं, ब्लोअर लावायचं तुमालेच सुचलं, तुमी होत्या म्हणून माझं कुंकू वाचलं. त्या तिच्या पाया पडायला वाकल्या. ताराला ते सोसवलं नाही. तिनं त्यांना उठवलं आणि सांगून टाकलं. हे खाली उतरत होते, यांना मी धरून ठेवलं होतं. मरू दे, असं म्हणाले होते मी.

रंभाबाईंनी हात सोडले नाहीत. त्यांनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"मीबी तेच म्हटलं असतं वं बाई," त्या म्हणाल्या. "पण त्यायले सांगू नको."

भैय्याजी घरी गेले. बोलणं थोडं संथ झालं, शब्द शोधावे लागत, पण बागेत फिरू लागले. फोनवर त्यांनी स्वतःच विषय काढला. चेंबर बुजवू नका भाऊ, म्हणाले, पाणी बाहेरून खेचायचा पंप बसवू, आत माणूस उतरायची गरजच ठेवू नये.

घरात मात्र शांतता होती. कृष्णकांत ताराशी कामापुरतं बोलत. तिला वाटलं, ते राग धरून आहेत. जिवाभावाच्या माणसाला मरू दे म्हणणाऱ्या बायकोबरोबर कुणाला राहावंसं वाटेल? ती ताट वाढायची, ते खाली मान घालून जेवायचे. झोपताना ती भिंतीकडे तोंड करायची आणि तो स्वतःचा शांत आवाज तिला पुन्हा ऐकू यायचा.

थंडी पडली. पंप बसला. एका सकाळी कृष्णकांतांनी ब्लोअर लावला आणि पुढच्या खोलीतल्या जाळीपुढं हात धरून बसले. हवा खरंच कोमट होती. तारानं चहा आणून ठेवला आणि वळली, तसं ते म्हणाले, "बस जरा."

ती बसली.

"तू तेव्हा मला धरलं होतंस," ते म्हणाले. त्यांची नजर जाळीवर होती. "तारा, तुझा जोर तो किती? मी झटका दिला असता तर सुटलो असतो."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

"तू म्हणालीस ना, मरू दे. मला इतकं हायसं वाटलं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. "मी तुझ्याकडे रागानं पाहत नव्हतो गं. मी मनात म्हणत होतो, सोडू नकोस."

इतके दिवस तिनं जे एकटीनं उचललं होतं त्याचं दुसरं टोक याच माणसाच्या खांद्यावर होतं, आणि तो बोलला नव्हता. तिला राग यायला हवा होता. कदाचित नंतर येईलही. आत्ता फक्त हातपाय गार पडले होते, त्या कोमट हवेत बसूनही.

बाहेर मोटरसायकल थांबली. रंभाबाई भैय्याजींना धरून उतरवत होत्या. कृष्णकांत डोळे पुसून उठले. ताराही उठली, दोन कप आणखी काढायला.