उजव्या हाताचं कुंपण

काकूंना सगळे कर्णाकाकू म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, खुद्द काकूंनासुद्धा नाही. आवाजच तसा होता. त्यांनी बांधावरून हाक मारली की दूधवाला दोन रस्ते पलीकडे सायकलचा ब्रेक दाबायचा. अशा बाईनं कचेरीत जाऊन तक्रारीचा अर्ज लिहिला, याचा अर्थ ओरडून भागेनासं झालं होतं.

भानगड कुंपणाची होती. काकूंच्या शेताची एक बाजू म्हणजे नदी, आणि नदीपलीकडे म्हशीवाल्या भाऊजींचा गोठा. हद्द नदीच्या मधोमध, पण पाण्यात कुंपण कोण घालणार? भाऊजींचा काठ म्हणजे नुसता कातळ, तिथं खुंट उभा राहायचं नाव नको. म्हणून दोघांचं मिळून एकच कुंपण काकूंच्या काठावर होतं. अर्धं काकूंनी सांभाळायचं, अर्धं भाऊजींनी. नदी जिकडून येते तो वरचा अर्धा भाग मुरमाड आणि पक्का. खालचा अर्धा वळणावरचा. तिथली माती भुसभुशीत, दर पुराला चार-सहा खुंट वाहून जाणार ते जाणारच.

वरचा भाग काकूंचा. अकरा वर्षांत त्यातला एक खुंट हलला नव्हता, आणि याचं सगळं श्रेय काकू मुरमाला न देता स्वतःच्या हाताला देत. "काम करावं तर असं," त्या भाऊजींना ऐकवायच्या. "नाहीतर तुमचं! दर वर्षी नवी रड."

भाऊजी ऐकून घ्यायचे. पूर ओसरला की गुडघाभर पाण्यातून अलीकडे यायचे, खांद्यावर घण, हातात तारेचं वेटोळं. ते खड्डे खणत, खुंट ठोकत, तार ओढत, आणि काकू बांधावर उभ्या राहून उंटावरून शेळ्या हाकत. हा खुंट वाकडा आहे. ती तार ढिली आहे. एवढ्या वेळात माझा मका कापून झाला असता. भाऊजी मूग गिळून ठोकत राहायचे. दिवस मावळला की "येतो, वहिनी" म्हणायचे आणि आल्या वाटेनं पाण्यात शिरायचे. वर्षाचं संभाषण संपलं.

यंदा पूर ओसरून वीस दिवस झाले, तरी भाऊजींचा पत्ता नव्हता. वळणावर दहा पावलांचं भगदाड पडलेलं आणि मका ऐन दुधात. पहिल्या दिवशी दोन म्हशी पाहणी करून गेल्या. तिसऱ्या दिवशी सहा आल्या, अगदी सहकुटुंब. काकू काठावर जाऊन ओरडल्या, पुन्हा ओरडल्या, घसा बसेपर्यंत ओरडल्या. पलीकडून हूं की चूं नाही. आता जाऊन बघावं, तर काकूंनी अकरा वर्षांत नदी एकदाही ओलांडली नव्हती. हाक पोचते तिथं पाय कशाला झिजवायचे, असा त्यांचा हिशेब.

म्हणून त्या मोजणी कचेरीत गेल्या. कारकुनानं नियम वाचून दाखवला: ज्याच्या वाट्याचं कुंपण हंगामात उघडं राहील, त्याला नदीचं पाणी एक वर्ष बंद. म्हशीवाल्याचं पाणी बंद म्हणजे गोठ्याला कुलूप. काकूंच्या काळजात जरा चर्र झालं. पण मग सकाळी आडवा झालेला मका आठवला.

"करा बंद," त्या म्हणाल्या. "मऊ लागलं की कोपरानं खणतात."

मंगळवारी मोजणीदार आला. नवे चामडी बूट घालून आला, म्हणजे नदी त्यानं फक्त नकाशात पाहिली असावी. काखेत फाइल, फायलीत कुंपणाचा जुना करारनामा. हा कागद काकूंनी कधी पाहिला नव्हता. करार केला होता त्यांच्या नवऱ्यानं आणि भाऊजींनी. नवऱ्याचं शेवटचं आजारपण सुरू होतं तेव्हा त्यानं अंथरुणातून सगळी कामं समजावून सांगितली, त्यात एक वाक्य कुंपणाचं होतं: "उजव्या हाताचा भाग आपला." काकूंनी तेवढं लक्षात ठेवलं होतं.

तेवढ्यात कचेरीनं बोलावलेले भाऊजी पाण्यातून येताना दिसले. सावकाश येत होते, कारण उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

"हे काय?" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"गोठ्यात पाय घसरला. खांदा निखळला." भाऊजी काठाजवळ उथळ पाण्यात थांबले. "अंथरुणात होतो. तुमच्या हाका ऐकू येत होत्या, पण माझा आवाज कुठला पोचायला. म्हशी आपल्या आपणच नदीवर जात होत्या. मक्याचं वाईट वाटतं, वहिनी."

काकूंना स्वतःचा राग आला, आणि तो भाऊजींवर काढायलाही आता सोय उरली नव्हती.

मोजणीदार बुटांसकट पाण्याच्या कडेला उतरला आणि त्यानं करारनामा उघडून वाचला. "दोघांनी नदीतल्या काळ्या दगडापाशी समोरासमोर उभं राहावं. ज्याच्या उजव्या हाताला जो भाग येईल, तो त्यानं सांभाळावा. बरं, दगड हा समोरच आहे. बाई, तुम्ही काठावर अशा उभ्या राहा. म्हशीवाले, तुम्ही तिथंच पाण्यात, यांच्याकडे तोंड करून. आता उजवे हात बाजूला करा."

"माझा होत नाही," भाऊजी म्हणाले.

"मग बाई, तुमचाच करा."

काकूंनी ऐटीत उजवा हात ताणला. हात सरळ वळणाकडे गेला, त्या दहा पावलांच्या भगदाडाकडे.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपला हात चुकला. त्यांनी दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तो डावाच होता. मग त्यांना नवऱ्याची खोली आठवली. नदी दिसावी म्हणून त्याचा पलंग खिडकीसमोर ठेवला होता, आणि त्या बसायच्या खिडकीकडे पाठ करून. नदीकडे पाठ करून बसलेल्या बाईनं आपला उजवा हात पाहिला आणि वरचा भाग आपला मानला. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते काकूंना त्या दिवशी नदीकाठी कळलं. वळण त्यांचं होतं. अकरा वर्षं एक माणूस पाण्यातून येऊन त्यांचे खुंट ठोकत होता, आणि त्या त्याला वाकडे आहेत म्हणून सांगत होत्या.

मोजणीदारालाही घोटाळा दिसलाच. "बाई, अर्जात तुम्ही खालचा भाग यांचा लिहिलाय. कागदाप्रमाणे तर तो तुमचा होतो."

"कागद जुना आहे, साहेब," भाऊजी घाईघाईनं म्हणाले. "नंतर आम्ही तोंडी अदलाबदल केली होती. खालचा भाग मी घेतला. चूक माझीच आहे."

मोजणीदारानं पेन उघडलं. "असं झालं होतं का, बाई? हो म्हणालात तर यांचं पाणी बंद लिहितो. नाही म्हणालात तर तुमचा नदीवरचा पंप बंद."

पंप बंद म्हणजे मका गेला. उरलेला मका, पुढचा हंगाम, सगळंच गेलं. आणि एक हो म्हटलं की झालं, कुणाला कळणार होतं? ज्याला कळणार होतं तो समोर पाण्यात उभा राहून मान डोलावत होता, म्हणा हो म्हणून. काकूंनी त्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. एवढा खोटेपणा पचवायला लागणारं पोट त्यांना नव्हतं.

"नाही!" त्या ओरडल्या. मोजणीदाराच्या हातातलं पेन पाण्यात पडलं. "कसली अदलाबदल? हा माणूस खोटं बोलतोय. वळण माझं आहे. कुंपण मी उघडं टाकलं. लिहा माझं नाव!"

मोजणीदारानं खिशातून दुसरं पेन काढलं आणि जरा विचार केला. "म्हणजे आता तक्रारदार हे ठरतात. म्हशीवाले, तुमची यांच्याविरुद्ध काही तक्रार आहे?"

"छे," भाऊजी म्हणाले.

"तक्रारच नाही, तर मी बंद काय करू?" त्यानं अर्जावर आडवी रेघ मारली, तीन दिवसांत कुंपण उभं करा असं बजावलं आणि ओले बूट चुबुकचुबुक वाजवत तो निघून गेला.

काकूंनी घरातून घण आणला. भाऊजींनी डाव्या हातानं खुंट धरला. पहिला खुंट बसेस्तोवर काकूंच्या नाकी नऊ आले. दुसऱ्याला त्यांनी थांबून कपाळ पुसलं.

"अकरा वर्षं!" त्या म्हणाल्या. "एकदा तरी सांगायचं ना मला, की वहिनी, हा भाग तुमचा म्हणून!"

"पहिल्या वर्षी सांगायलाच निघालो होतो."

"मग? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

भाऊजी खुंटाकडे बघत बोलले. "दादा गेल्यावर तीन महिने तुमच्या घरातून आवाज आला नव्हता, वहिनी. मी पलीकडून कान देऊन असायचो. दूधवाला सांगायचा, दार उघडतात, भांडं पुढे करतात, बोलत काही नाहीत. मग पूर आला आणि वळणावरचं कुंपण गेलं. मी तुम्हाला सांगायला पाण्यातून येत होतो, तर तुम्ही बांधावर आलात आणि जे काही ओरडलात माझ्यावर! मी अर्ध्या नदीत थांबलो. म्हटलं, आल्या वहिनी परत." जन्मात कधी एकदम एवढं बोललेले नसल्यामुळे ते जरा दमले. "मग घरी गेलो आणि घण घेऊन आलो."

काकूंनी घण खाली ठेवला आणि त्या रडायला लागल्या, आणि रडल्याही अशा की पलीकडच्या काठावर म्हशींनी माना वर केल्या. भाऊजी खुंट धरून तसेच उभे राहिले.